कॉर्न स्नेकची पेटी मे महिना धरून बनव

प्रश्न : दादा नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचतो. पुढच्या महिन्यात कॉर्न स्नेकचं पिल्लू घेतोय, वीतभरापेक्षा थोडं मोठं आहे, घरच्यांना पटवायलाच वर्ष गेलं. आता पेटीवरून घोळ झालाय. माळ्यावर ३ फुटी फिश टँक पडून आहे, पप्पा म्हणतात तोच घे, वर प्लायचा तुकडा टाक आणि वीट ठेव. मित्र म्हणतो प्लास्टिकचा टब बास. विकणारा म्हणतो काचेचा टँक आणि हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) दोन्ही घ्यायलाच लागतंय, मॅट चोवीस तास चालू ठेवायची. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब. नक्की काय घेऊ, कसं लावू, जरा सविस्तर सांगा ना. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आधी हे सांगतो की साप घरी यायच्या अगोदर तू पेटीचं विचारलंस हे फार चांगलं केलंस, बहुतेक पत्रं मला साप आल्यावर येतात आणि तेव्हा तो बिचारा चपलेच्या खोक्यात असतो. हा प्राणी नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, म्हणजे तुझं लग्न होईल, पोरं शाळेत जातील तरी हा घरात असणार, त्यामुळं आज घाईत काहीतरी आणून टाकायचं काम नाही.

आता मुद्द्याचं. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना तिकडचा. पाईनची जंगलं, शेतं, धान्याची कोठारं, जिथं उंदीर तिथं हा. त्याच्यावरची पुस्तकं आणि व्हिडिओ बघशील तर ती सगळी थंड देशातल्या लोकांनी केलेली, त्यांचं घर थंड असतं म्हणून त्यांची सगळी अक्कल पेटी गरम कशी करायची यात खर्च होते. आपल्याकडं उलटं आहे. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो आणि या सापाला पेटीच्या गरम कोपऱ्यात ३० ते ३२ अंश लागतात, थंड कोपऱ्यात २४ च्या आसपास. सगळी पेटीच ३५ च्या वर गेली की त्याला पळायला जागा राहत नाही आणि जीव जाऊ शकतो. म्हणून पेटी घेताना थंडी डोक्यात ठेवू नकोस, मे महिन्यातली दुपार डोक्यात ठेव. थंडीत पेटी गरम करणं सोपं आहे, मे मध्ये गार ठेवणं अवघड आहे.

हे मी शिकलो ते फार वाईट तऱ्हेनं. माझा पहिला कॉर्न स्नेक काचेच्या टँकमध्ये, टँक कपाटावर, खोली पश्चिमेची. मे महिना, दुपारी एकला लाईट गेली, मी कामावर. चार-साडेचारला घरी आलो तर पाण्याच्या भांड्यात सगळा वेटोळं करून बसलेला, मान वर काढून, तोंड किंचित उघडं. भांड्यातल्या पाण्यात बोट घातलं तर पाणी कोमट. आतला थर्मामीटर ३८ दाखवत होता. मागच्या खोलीत आजीच्या वेळची शहाबादी फरशी होती, दिवसभर अंधारात असायची म्हणून गार, तिथं ओला रुमाल अंथरून टबात त्याला ठेवला, बर्फ वगैरे काही लावलं नाही कारण एकदम गार करणंही धोक्याचं, आणि दोन तास जवळ बसून राहिलो. संध्याकाळी जीभ बाहेर काढायला लागला तेव्हा जीवात जीव आला. तो जगला, पण त्या दिवसानंतर टँक परत कपाटावर गेला नाही.

त्यामुळं तुला पहिलं काम पैशाचं नाही, जागा शोधायचं आहे. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो, फिश टँकवाल्यांकडं असतो तो, तो घे आणि घरातल्या तीन-चार कोपऱ्यात एकेक दिवस ठेव. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा, असे आकडे वहीत लिही. रात्री दहाचा आकडा विसरू नकोस. वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्र वाईट असते, स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री ती गरमी खाली सोडत बसतो, भिंतीला वरच्या बाजूला हात लावून बघ, अकरा वाजता पण चटका जाणवतो. एकाच खोलीत छताजवळ आणि जमिनीजवळ तीन-चार अंशांचा फरक सहज निघतो. म्हणून पेटी खाली, जमिनीपासून फार तर फूटभर उंच, आतल्या भिंतीला, जिथं दिवसात एकदाही ऊन येत नाही अशा जागी. खिडकीतून अर्धा तास जरी ऊन काचेवर पडलं तरी आत भट्टी होते. खालच्या मजल्यावर काका-मामा कोणी राहत असतील तर मे पुरती पेटी खाली नेता येईल का हे आत्ताच विचारून ठेव.

आता फिश टँक. पप्पांना माझा नमस्कार सांग आणि सांग की तो माशांसाठीच राहू दे. त्याचं तोंड वरून उघडतं, आणि सापाला वरून येणारी वस्तू म्हणजे घार नाहीतर मांजर, रोज हात वरून आला की तो दचकतो. वर जाळी लावलीस तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत आतली सगळी ओल उडून जाते, प्लायनं बंद केलंस तर हवाच खेळत नाही. आणि वीट! हा साप रात्रभर नाकानं झाकण ढकलत फिरतो, थकत नाही, एक दिवस झाकण बोटभर सरकतं आणि तो गेला. नाहीतर वीट आत पडते, म्हणजे आणखी वाईट.

मित्र अर्धा बरोबर आहे. पिल्लासाठी टब खरंच चांगला, पहिले आठ-दहा महिने. साधारण २० लिटरचा, दोन्ही बाजूला घट्ट बसणाऱ्या क्लिपा असलेला. भोकं सोल्डरिंग आयर्ननं पाड आणि आतून बाहेर पाड, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची धार बाहेर राहते, नाहीतर साप तिथं नाक घासून घासून जखम करून घेतो. भोकं दोन समोरासमोरच्या बाजूंना, पेन्सिलपेक्षा बारीक, पंचवीस-तीस तरी. झाकणाच्या कडेत तुझ्या करंगळीचं टोक शिरत असेल तर पिल्लू नक्की शिरेल.

पण वर्षभरानं मोठी पेटी लागणारच. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक ३ ते ५ फूट होतो, आणि त्याला अंग बऱ्यापैकी ताणता आलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आयुष्यभर टबात ठेवायचं मला पटत नाही. ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच हे माप धर. तयार पेट्या बाहेरून मागवण्यापेक्षा आपल्या सुताराकडून करून घे. मरीन प्लाय, १८ एमएम, आतून सनमायका म्हणजे पुसायला सोपं. लाकडाचा फायदा असा की दुपारची गरमी काचेइतक्या लवकर आत येत नाही आणि ओल टिकते. पुढं दोन सरकत्या काचा चॅनलमध्ये, आणि दुकानाच्या शोकेसला असतं ते कुलूप, ते विसरायचं नाही. दोन काचा एकमेकांवर येतात तिथं फट राहते, ती सुताराला दाखवून आधीच बंद करून घे. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं, म्हणजे हवा वाहते, त्यावर आतून स्टीलची बारीक जाळी. आतल्या सांध्यांना फिश टँकचं सिलिकॉन लाव, पण व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत साप आत घालू नकोस, कडेला पॉलिश मारलं असेल तर दोन-तीन आठवडे पेटी उघडी ठेव. सुतार प्रेमानं वाळवीचं औषध मारून देतात, त्याला आधीच सांग की आत एक थेंब नको.

आत काय ठेवायचं हे सोपं आहे पण लोक इथंच कंजूषी करतात. लपायला किमान दोन जागा, एक गरम बाजूला एक गार बाजूला, दोन्ही सारख्या अंधाऱ्या. एकच ठेवलीस तर त्याला लपणं आणि योग्य तापमान यातलं एक निवडावं लागतं, आणि भित्रा साप लपणं निवडतो, मग अन्न पचत नाही, ओकून टाकतो. विकतचे प्लास्टिकचे दगड घेण्यापेक्षा कुंभाराकडून छोटं मडकं घे, अर्धं कापून कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत कर आणि पालथं घाल. गार बाजूच्या मडक्यावर उन्हाळ्यात बाहेरून थोडं पाणी शिंपडलं की माठासारखं आतून गार राहतं, मी दर मे ला हेच करतो. तोंड एवढंच ठेव की साप जेमतेम आत जाईल, अंगाला सगळीकडून टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं.

चढायला फांदी हवीच, हा साप झाडावर पण चढतो. इथं एक सांगायचंय, आपला जिल्हा डाळिंब आणि द्राक्षाचा, छाटणीच्या फांद्या फुकट मिळतात आणि दिसायला झकास असतात, पण त्या बागांवर फवारण्या किती होतात ते तुला माहीत आहे, त्या नको. कोणाच्या परसातल्या पेरूची वाळकी फांदी घे, घासून धू, आठ दिवस कडक उन्हात ठेव.

खाली अंथरायला पहिला महिनाभर साधा कागद किंवा टिश्यू. दिसायला काही नाही पण शी कशी होते, अंगावर गोचीड-पिसवांसारखे माइट्स आहेत का ते लगेच कळतं. नंतर नारळाच्या काथ्याचे चिप्स किंवा अॅस्पेन नावाच्या झाडाचा भुसा. सुताराकडचा भुसा मात्र नको, त्यात कुठलंही लाकूड आणि डिंक-केमिकल असतं, आणि देवदार-पाईनच्या लाकडातलं तेल सापाच्या फुप्फुसाला बाधतं.

पाण्याचं भांडं जड, त्यात तो पूर्ण बसू शकेल एवढं. आपल्याकडं नळ काही दिवसांआड येतो म्हणून साठवलेलंच पाणी असतं, चालतं, फक्त भांडं रोज धू. ओल ४० ते ६० टक्के. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती खाली जाते, तेव्हा एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ घालून ठेव. त्याचे डोळे दुधाळ निळसर झाले की समज कात टाकणार आहे, चार-पाच दिवसांनी डोळे परत साफ होतात आणि मग कात येते. अख्खी, मोज्यासारखी उलटी निघाली तर ओल बरोबर आहे. तुकड्या-तुकड्यांनी निघाली तर कमी पडली, मग शेपटीचं टोक आणि डोळ्यावरचा पापुद्रा राहिलाय का बघ, पण ओढून काढू नकोस, ओल्या डब्यात ठेव.

हीट मॅटचं. विकणाऱ्यानं चोवीस तास चालू ठेव सांगितलं ते ऐकून मला काळजी वाटली. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट म्हणजे चटका, आणि साप खालून भाजत असला तरी पटकन उठून जात नाही, पोटाचे खवले तपकिरी पडले की मग आपल्याला कळतं. मॅट घेणार असशील तर थर्मोस्टॅट त्याच दिवशी घे, पैसे नसतील तर मॅट पण घेऊ नकोस. टबाला मॅट बाहेरून, खालून, एक तृतीयांश भागालाच, प्रोब मॅट आणि टबाच्या मधे, सेटिंग ३०-३१. प्लायच्या पेटीत मात्र लाकडाखाली मॅट लावायची नाही, गरमी आत जात नाही आणि लाकूड तापतं. तिथं वरून सिरॅमिक बल्ब (उजेड न देता फक्त गरमी देणारा), चिनी मातीच्या होल्डरमध्ये, त्याला जाळीचा पिंजरा, कारण तो वर चढून बल्बलाच वेटोळं घालतो. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, बाहेर पारा १५ च्या आसपास येतो, तेव्हा याचा उपयोग. मार्च लागला की वहीतले आकडे बघ, खोलीच ३० ला असेल तर सगळं बंद.

मे साठी तयारी आत्ताच कर. वाळ्याचा कूलर आपल्या कोरड्या हवेत मस्त काम करतो, पण झोत पेटीवर नको, खोलीत फिरू दे आणि खिडकी फटभर उघडी ठेव. पंखा-कूलर इन्व्हर्टरवर घे, कारण लाईट नेमकी दुपारीच जाते. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेव, लागेल तेव्हा टॉवेलात गुंडाळून पेटीच्या वर, गार बाजूला. आणि घरात दुपारी जो कोणी असतो, आई असेल तर आईला, थर्मामीटर वाचायला शिकव, ३३ दिसलं की फोन कर असं सांग.

दोन गोष्टी अजून. पेटीच्या आजूबाजूला मुंग्यांचा खडू, डास मारायचा स्प्रे, डांबर गोळ्या यातलं काही नको. मुंग्या आल्या तर पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीला करायच्या तसं. दुसरं, साप सुटलाच तर घाबरून घर उपसू नकोस, दारं बंद कर, उंबऱ्यापाशी पिठाची पातळ रेघ ओढ, सकाळी रेघ मोडलेली दिसेल तिकडून शोध. फ्रीजच्या मोटरजवळ, वॉशिंग मशीनखाली, गाद्यांच्या घड्यांत सापडतो. शेजाऱ्यांना आधीच फोटो दाखवून ठेव. त्याच्या अंगावरचे लालसर ठिपके बघून लोक घोणस समजतील आणि काठी उचलतील, त्यात त्यांचाही दोष नाही. बाहेर मात्र कधीच सोडायचा नाही, कंटाळा आला तरी, तो इथला प्राणी नाही.

पेटी पूर्ण लावून आठ दिवस रिकामी चालव आणि वही भर. आकडे बसले की मगच पिल्लू आण.

प्रश्न : आमच्या अंगणात पावसाळ्यात एक बारीक साप निघाला, तपकिरी, मानेवर पट्टे, फोटोतल्या कॉर्न स्नेकसारखाच वाटतो, बिनविषारी आहे असं सगळे म्हणतात. मुलगा म्हणतो हाच पाळू, विकत कशाला. (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : वर्णनावरून तो तस्कर वाटतो, खरंच बिनविषारी आणि गुणी साप. पण पाळायचा नाही. आपले देशी साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, धामण असो की तस्कर, घरात ठेवणं गुन्हा आहे. कॉर्न स्नेक परदेशी आणि पैदास केलेला असतो म्हणून त्याची गोष्ट वेगळी, तरी त्याचं पण पक्कं बिल घेऊन जपून ठेवावं. आणि बिनविषारी आहे हे सगळे म्हणतात यावर जाऊ नका, मण्यारीचं पिल्लू लोक रोज काहीतरी वेगळंच समजतात. सर्पमित्राला नाहीतर वन विभागाला बोलवा, साप योग्य जागी सोडतील. मुलाला तो सोडताना बघायला घेऊन जा, त्याला खूप आवडेल.

प्रश्न : दादा, माझ्या मुलानं कॉर्न स्नेक आणलाय आणि फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवलेत, मला तर फ्रीज उघडवत नाही. घरात ४ वर्षांची नात आहे, तिला काही होणार नाही ना? आणि आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे, चिंध्या नि सूत भरपूर पडतं, ते पेटीत अंथरायला चालेल का, तेवढाच खर्च वाचेल. (एक आई, अशोक चौक)

उत्तर : ताई, तुम्हाला किळस वाटते यात काही चुकीचं नाही. मुलाला सांगा उंदीर घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात, डब्यावर खूण, आणि जमलं तर दुसरा छोटा फ्रीझर. वितळवायचं काम पिशवीत घालून गरम पाण्यात, स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. पेटीतलं पाण्याचं भांडं किचनच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही, मोरीत धुवा. साप निरोगी दिसला तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ५ वर्षांखालच्या मुलांना ते जास्त त्रास देतात, म्हणून नातीनं सध्या काचेबाहेरूनच बघायचं, हात लावायचा नाही, आणि ज्यानं साप हातात घेतला त्यानं साबणानं हात धुतल्याशिवाय तिला उचलायचं नाही. एवढं पाळलं तर काळजी नको.

चिंध्या आणि सूत मात्र नको. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, उंदीर गिळताना सुताचा धागा त्याला अडकला की तो मागं येत नाही, पोटातच जातो. सुटा धागा शेपटीला गुंडाळला तरी रक्त थांबतं आणि आपल्याला दिवसभर दिसत पण नाही. रद्दीचा कागद फुकटच आहे, तो वापरा. तुमच्या कारखान्यातली एक जुनी चादर मात्र कामाला येईल, नवीन साप आहे म्हणून पहिले सात-आठ दिवस काचेवर बाहेरून ती टाकून ठेवा आणि मुलाला म्हणावं या दिवसात काढून बघू नको, हातात घेऊ नको, तो स्वतःहून बाहेर येऊन पाणी प्यायला लागला की मग पहिला उंदीर दे.